लेझीमचा फोटो

वर्तकनगरच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून शाळेची वेबसाइटही माझ्याकडेच आली. वेबसाइट कसली, एकच पान: शाळेचं नाव, पत्ता, वेळ. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, "अगं, ॲडमिशनचे दिवस आलेत. पालक आधी मोबाइलवर बघतात. स्नेहसंमेलनाचे फोटो टाक ना."

मी टाकले. सगळ्यात वर लेझीमचा फोटो. पहिल्या रांगेत पाचवीतली एक मुलगी, तोंडभर हसणारी, आणि मागे शाळेच्या नावाचा पडदा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई धापा टाकत आली. नौपाड्यातल्या दवाखान्यात ती कामाला होती, तिथूनच तशीच निघाली होती.

"बाई, हा फोटो काढा. आत्ताच्या आत्ता."

तिने मोबाइल पुढे केला. कल्याणच्या जुन्या शेजारणीने फोटोची लिंक पाठवून विचारलं होतं, 'ही तुझीच ना गं?' मग दबक्या आवाजात तिने सगळं सांगितलं. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती मुलीला घेऊन निघाली होती. कोर्टात केस चालू होती. मध्ये एकदा त्याने मुलीला जुन्या शाळेच्या गेटवरूनच उचलून नेलं होतं, पोलिसांना घेऊन जाऊन परत आणावं लागलं.

"आम्ही कुठे आहोत ते त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "निदान कालपर्यंत तरी नव्हतं."

मी कॉम्प्युटरवर बसले. पानावरून फोटो काढला, पान पुन्हा उघडलं. नव्हता. माझा जीव भांड्यात पडतोय तोच तिने शेजारणीने पाठवलेली लिंक दाबली. मुलगी पुन्हा समोर, हसत. पानावरून गेला तरी फोटो आत साठवलेला तसाच होता! तो शोधायला गेले तर नेट अडकलं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत होतं आणि ती माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. शेवटी तो सापडला. मी उडवला. मग एकेक करून मुलांचे सगळेच फोटो उडवले.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. मोठ्या बाईंनी उचलला. पलीकडून पुरुषाचा आवाज, आम्हालाही ऐकू येईल इतका चढा. पाचवीतल्या मुलीची चौकशी करत होता, नाव घेऊन. आईने आवाज ओळखला. "तोच आहे," ती म्हणाली.

"फोनवर आम्ही कुठल्याच मुलाची माहिती देत नाही," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी दोघींना मागच्या गेटने रिक्षात बसवलं. पुढे कितीतरी दिवस शाळा सुटताना मी गेटवर उभी राहायचे. समोर कुणी अनोळखी माणूस रेंगाळला तर जाऊन विचारायचे, कुणाला न्यायला आलात. मुलीचा बाप काही आला नाही. पुढे कोर्टाने त्याला मुलीला फक्त कोर्टातच भेटायची परवानगी दिली, हे आईनेच येऊन सांगितलं. त्या दिवशी तिचा चेहरा जरा निवळलेला दिसला.

एकदा ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. "बाई, माझा फोटो का काढून टाकलात? माझं लेझीम चुकलं होतं?"

"छे गं! सगळ्यांचेच काढले."

"पण आईने तो मोबाइलमध्ये ठेवलाय," ती म्हणाली, आणि वर्गात पळाली.