भास्करची खरी नोंद

भास्कर गेल्याचा फोन वहिनींनीच केला. रडणं नाही, काही नाही. "भाऊ, हे गेले. डॉक्टरले कळवता काय तुमी? वेळ निघून जाईन." मी चिखलीच्या बाजारात होतो, पिशवी तिथंच ठेवून दवाखाना गाठला. किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यांच्या शरीरावर वर्षानुवर्षांनी काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना त्यानं लेखी संमती दिली होती. मृत्यूनंतर त्याच्या फुप्फुसाचे नि हाडाचे लहान तुकडे संशोधनासाठी जपून ठेवायचे होते, आणि ते वेळेत काढावे लागणार होते.

जानेफळच्या शाळेत आम्ही एका बाकावर. मी मास्तर झालो, तो बाहेर पडला. पाइपलाइनच्या जोडात कुठं भेग आहे का, हे किरणांनी फोटो काढून तपासायचं काम. सुट्टीवर आला की ऐटीत सांगायचा, "लोखंडाच्या आरपार पाह्यतो मी." पुढं त्याच्या हाताखाली चार माणसं तयार झाली. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू…

या कामात छातीवर एक बिल्ला लावतात. अंगावर किती किरणं पडली, ते त्यावरून कळतं. आकडा वाढला की माणसाला कामावरून बाजूला बसवतात. म्हणून भास्कर बिल्ला खोलीवर ठेवून कामाला जायचा. हे त्यानं मला फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावर, शेवटच्या महिन्यात सांगितलं. संमतीपत्रासोबत कामाची माहिती द्यायची होती आणि अक्षर बरं म्हणून मी लिहीत होतो. मी आपलं सांभाळून लिहिलं, 'कधीकधी बिल्ला लावायचा राहून जाई.' त्यानं कागद ओढून वाचला.

"कधीकधी काऊन लिहिलं बे? रोज लिही. अन् त्या चौघायलेही मीच शिकवलं, हेही लिही."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"ते चौघं जिते हायेत, मास्तर. बिल्ला लावा म्हणून फोनवर सांगतो तं हसतात. म्हणतात, भाऊ, आकडा तं बरा हाये. माह्या तुकड्यासंगं खोटा कागद ठेवला, तं डॉक्टरही तसंच म्हणतीन."

मला त्याचा राग आला. मरताना तरी माणसानं स्वतःशी इतकं कठोर होऊ नये, असं वाटलं. पण सांगितलं तसं लिहिलं.

दवाखान्यात त्याचे थोरले भाऊ आधीच येऊन बसले होते. माणूस अग्नीला अख्खा द्यावा, असं त्यांचं म्हणणं. पण कागद वाचून ते जास्त दुखावले. वहिनींना म्हणाले, "तुकडे घेऊ दे एक वेळ. हा कागद नको देऊ. नाव खराब होते त्याचं." वहिनी म्हणाल्या, "दादा, कागद नसन तं तुकडे कायले द्यायचे?" आणि त्यांनी सही केली. दिवस मावळायच्या आत जानेफळला अंत्यसंस्कार झाले.

तेरवीला त्या चौघांपैकी रमेश आला. चाळिशी उलटलेला माणूस, पण पंगतीला बसेना. मांडवाच्या कडेला उभा राहून वहिनींना म्हणाला, "भाऊ सांगे तवा मी हसलो, वहिनी. मीबी बिल्ला खोलीवरच ठेवतो… अजूनही."

मला वाटलं, आता वहिनी कोसळणार. त्यांनी मला डॉक्टरांचा पत्ता लिहून द्यायला सांगितला. चिठ्ठी रमेशच्या हातात ठेवली.

"पयले जेव. सकाळी तिथं जाय. तुकड्याच्या बाटलीवर ह्यायचं नाव नाही म्हणतात, नुसता नंबर हाये. तू नाव सांगजो. भास्करनं पाठवलं म्हणजो."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली असतील. नवऱ्याचं नाव वहिनींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.