शेवटच्या गाण्याचा आवाज

आमच्या अल्बमचं वर्णन एका वाक्यात करायचं तर ब्लॅक मेटल, वरून डेथ मेटलची फोडणी. म्हणजे गिटार करवतीसारखी, ड्रम सुसाट आणि गायक आधी किंचाळणार, मग गुरगुरणार. गायक मी. केडगावातला हा असा पहिलाच अल्बम असावा. दुसरा कुणी करत असेल, तर शेजाऱ्यांना त्याने काय सांगितलं ते मला कळवावं.

आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न गिटार वाजवणाऱ्या मित्राने सोडवला होता. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या गाद्या भरायचं काम. दुकानामागच्या खोलीत छतापर्यंत गाद्या रचलेल्या, त्यामुळे आत कितीही बोंबललं तरी बाहेर काही जात नाही. फक्त एक गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आली नाही. तिथे हवेत कापूस उडतो, आणि गुरगुरायला आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो. सात गाणी झाली आणि माझा आवाज बसला.

डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस मौन. मित्राचं दुबईचं विमान पाच दिवसांवर होतं. नोकरी पक्की, परत कधी येणार ते ठाऊक नाही. आठवं गाणं राहिलं असतं तर तीन वर्षं खपून केलेला अल्बम तसाच पडला असता. मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही आवाज लागतो.

गावी गेलो. वडिलांना सगळं वहीत लिहून दाखवलं. त्यांनी मोबाईल कानाला लावून एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मी शिव्या खायची तयारी ठेवून उभा होतो.

"गानं काय कळलं न्हाई," ते म्हणाले. "पन तू घशातनं वरडतोय. पाखरं हाकलतो तसं पोटातनं वरडायचं. दिवसभर वरडलं तरी गळा बसत न्हाई."

ज्वारी दाण्यात आली की वडील शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांच्या मचाणावर, सकाळ-संध्याकाळ उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात. हल्ली लोक पाखरांसाठी चमकत्या पट्ट्या बांधतात. वडिलांचा पट्ट्यांवर विश्वास नाही. मी वहीत लिहिलं, "मग तुम्हीच म्हणता का?"

"कशावर हाय गानं?"

मी लिहिलं, "वेताळ."

"मंग आदी नारळ फोडावा लागंल."

दुसऱ्या दिवशी वडील केडगावला आले. चपला दाराबाहेर काढल्या. कापूस बसावा म्हणून आधी फरशीवर पाणी शिंपडायला लावलं, जे आम्हाला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. स्पीकरपुढे नारळ फोडला. मित्राच्या अम्मीने सगळ्यांना खोबरं वाटलं. मग वडिलांनी शब्द पाच-सहा वेळा वाचले, पाय रोवले आणि एका दमात गाणं संपवलं. मित्र हेडफोन काढून बराच वेळ कान चोळत बसला. वडिलांनी चहा मागितला.

मित्र वेळेवर गेला, अल्बम इंटरनेटवर आला. पहिला लांबलचक अभिप्राय ब्लॅक मेटलच्या माहेराहून, म्हणजे नॉर्वेतून. सात गाण्यांत गायक नुसता ओरडतोय, त्याने लिहिलं होतं, आठव्यात मात्र तो कुणालातरी खरंच हाकलतोय.

मी दोन दिवस फुरंगटून बसलो. पण खोटं कसं म्हणू? वडिलांनी पाखरांच्या तोंडातून काढलेले दाणे खाऊन मी मोठा झालो. मला स्वतःला आजवर काहीच हाकलावं लागलं नव्हतं. शेवटी तो अभिप्राय मी वडिलांना वाचून दाखवला.

"बराबर वळखलं की त्यानं," वडील म्हणाले, आणि लाजून हसले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.