डाव्या सीटवरचा काचेचा तुकडा

पुण्यातून विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून आमच्या ह्यांनी मोटार घेतली, तेव्हा अर्धं भोर ती बघायला आमच्या दारात लोटलं होतं. हिरवीगार, बुटकी, वरून उघडी, शर्यतीत पळवायची मोटार. बसायला जागा फक्त दोघांची. मला ते तेव्हाच खटकलं. घरात आम्ही माणसं तीन: हे संस्थानच्या कोर्टात वकील, विधवा सासूबाई आणि लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस न उजवलेली मी.

मोटार धुवायचं काम माझ्याकडे आलं ते मोलकरणीमुळे. ती बिचारी भांड्यांना सरावलेली. यांनी "स्वच्छ कर" म्हटल्यावर तिने राखुंडी आणि काथ्या घेऊन पितळी घंगाळ घासावं तसं बॉनेट घासलं. रंगावर ओरखडेच ओरखडे. यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. माझ्या आजारपणात कधी आलेलं मला आठवत नाही. त्यानंतर गड्याला नाही, मोलकरणीला नाही, कुणालाच मोटारीला हात लावू देईनात. मला मात्र शिकवलं. आधी वरून नुसतं पाणी सोडायचं, चिखल आपोआप सुटू द्यायचा, मग मऊ फडक्याने साबण लावायचा आणि शेवटी कातड्याच्या तुकड्याने पुसायचं. ते कातडं सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिलं नाही.

त्या वर्षी भातं कापून झाली आणि विंझरचे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, आजारी पडले. दर रविवारी हे सासूबाईंना घेऊन विंझरला जायला लागले. मी एकदा म्हटलं, "मीही येते मामांना बघायला." सासूबाई म्हणाल्या, "तू कुठं बसनार? जागा हाय व्हय तिथं?" खरंच नव्हती. त्या पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळून ह्यांच्या शेजारी बसायच्या आणि नसरापूरच्या दिशेने धुरळा उडवत दोघं निघून जायची.

सोमवारी सकाळी मोटार माझ्या ताब्यात. विंझरला जाणाऱ्या वेल्ह्याकडच्या रस्त्यावर ओढ्यांना पूल नव्हते, त्यामुळे चाकांना तांबडा चिखल आणि मडगार्डखाली पेंढ्याच्या काड्या असायच्या. त्यात काही वावगं नव्हतं. पण एकदा बॉनेटवर फिकट पिवळा डाग दिसला. साबण लावला मात्र, तो लालभडक झाला. हळद! हळदीला साबण लागला की ती कशी लाल होते हे कुठल्या बाईला सांगायला नको. पुढे सीटच्या शिवणीत कुंकवाच्या अक्षता सापडल्या. आजाऱ्याला बघायला गेलेल्या माणसावर अक्षता कोण टाकतं?

सासूबाईंना विचारलं तर त्यांनी मानही वर केली नाही. "नवी मोटार दारात आली म्हून बायकांनी ववाळली. त्यात काय इचारायचं?"

पटण्यासारखं होतं. आमच्याकडे नवा बैल आला तरी ओवाळतात. पण पुढच्या सोमवारी पुन्हा हळद, पुन्हा अक्षता. मामांच्या दारात मोटार दर आठवड्याला नवी कशी होत होती? नाही तर दर वेळी दार वेगळं होतं. मी फडकं पिळत राहिले आणि मनातल्या मनात जळत राहिले.

मग एका सोमवारी डाव्या सीटच्या फटीतून कचरा काढताना बोटाला टोचलं. हिरव्या बांगडीचा तुकडा. सासूबाईंच्या हातात काचेची बांगडी नाही, ती मामंजी गेले त्या दिवशीच फुटलेली. माझ्या बांगड्या लाल. आणि त्या सीटवर मी आजवर बसलेच नव्हते.

संध्याकाळी हे कोर्टातून आले, तेव्हा तुकडा तळहातावर ठेवून मी हात पुढे केला. ते बराच वेळ बूट काढत राहिले.

"विंझरच्या वाटेवरच्या मार्गासनीची मुलगी आहे. आईच्या आग्रहाने बघायला गेलो होतो. तिच्या भावाने हट्ट धरला म्हणून तिला एक फेरी मारून आणली, एवढंच."

"नकार दिलात?"

"आई ऐकत नाही गं."

म्हणजे दिला नव्हता. त्या काळी दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मला माहेरी धाडलं असतं, नाही तर याच घरात सवतीची भांडी घासायला ठेवलं असतं. मला रडूही आलं नाही, इतका संताप झाला होता.

पुढच्या रविवारी सुपारी फोडायची होती, हे मोलकरणीकडून कळलं. मी पहाटे उठले. मोटार अशी धुतली की बॉनेटमध्ये तोंड दिसावं. मग ठेवणीतलं लुगडं नेसले, नथ घातली आणि डाव्या सीटवर जाऊन बसले.

सासूबाई बाहेर आल्या. "उतर खाली. मला उशीर व्हतोय."

"आज मी जाणार आहे, आत्याबाई."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे, मग मोटारीकडे. दंडाला धरून ओढलं असतं तर मी आरडाओरडा केला असता आणि गल्ली गोळा झाली असती. हे मुकाट्याने बसले. गावाअलीकडच्या ओढ्यावर मी मोटार थांबवायला लावली आणि चिखल-धूळ धुऊन ती पुन्हा लख्ख केली.

मार्गासनीत मुलीची आई आरतीचं ताट घेऊन लगबगीने पुढे आली. माझ्या कपाळावरचं कुंकू, नथ, मंगळसूत्र बघून थबकली. "ह्या कोन म्हनायच्या?"

मीच म्हटलं, "मी यांची बायको."

ताट हातात कलंडलं. "आवं, पर पयली तर वारली म्हून सांगितलं व्हतं! सवतीवर लेक द्यायची न्हाई असं आमी पयल्याच दिशी बोललो व्हतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या काचेवरची नसलेली धूळ पुसत होते.

"मी वारले असते," मी म्हटलं, "तर इतकी लख्ख मोटार तुमच्या दारात आली असती का?"

दारामागून ती मुलगी डोकावत होती. हातभर हिरव्या बांगड्या, वय फार तर पंधरा. माझा तिच्यावर राग नव्हता.

परतताना ओढ्यापाशी मी विचारलं, "मी मेले असं सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात?"

"रस्ता फार खराब झालाय," ते म्हणाले.

पुढे आम्हाला मुलगा झाला, सासूबाईंनी त्याला खांद्यावर मिरवलं, आणि मार्गासनीचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मोटार विकेपर्यंत मीच धूत होते. पण पाणी ओतायच्या आधी डाव्या सीटच्या फटीतून मी एकदा बोट फिरवायचे.