इंजिन निवडायला निघालेला राजेंद्र दांडगे

राजेंद्र दांडगेला इंजिन निवडता येत नाही, ही बातमी बजाजनगरच्या त्या गल्लीत पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. लोक हसले, आणि हसण्यासारखंच होतं. हा माणूस चोवीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत इंजिनांच्याच लाईनवर उभा. पाळीला सहाशे इंजिनं त्याच्या हाताखालून जायची. पण त्यांचं करायचं काय, तर डाव्या बाजूचं झाकण बसवायचं आणि सात बोल्ट आवळायचे. बेचाळीस सेकंद झाले की इंजिन पुढच्या माणसाकडं सरकलं. ते सुरू झालं का, कसं बोललं, कुठं गेलं, हे राजेंद्रला कधी कळलंच नाही. इंजिनं सुरू व्हायची ती भिंतीपलीकडच्या टेस्टिंगला, आणि तिकडं जायचा पास त्याच्याकडं नव्हता.

दोनदा त्यानं टेस्टिंगला बदली मागायचं मनात आणलं होतं. एकदा लग्नाआधी, एकदा मुलगी श्रेया झाल्यावर. दोन्ही वेळा अर्ज लिहिला, खिशात घातला आणि रविवारी गावी, करमाडला जाऊन मोठ्या भावाला दाखवला. भावाचं नाव राजकुमार, पण घरादाराला ते अण्णा, आणि पुढं श्रेयाला मोठे पप्पा. अण्णा म्हणाले, "दिवसभर गाड्या पळवायच्या? हातपाय मोडून घेशील. हाय तिथं बरा हाईस." दोन्ही अर्ज करमाडलाच राहिले.

आता कुणी म्हणेल, हे अण्णा म्हणजे खाष्ट प्रकरण दिसतंय. तसं असतं तर सोपं होतं. वडील गेले तेव्हा राजेंद्र शाळेत होता. अण्णांनी स्वतःचं कॉलेज सोडलं, बारा एकर अंगावर घेतले, धाकट्याला आयटीआय केलं, ओळखीनं कंपनीत चिकटवलं, मुलगी बघून लग्न लावलं, बजाजनगरला रो-हाऊस बघून दिलं. घराचा रंगसुद्धा त्यांनीच ठरवला, पिस्ता. अशा माणसाला नाही म्हणायचं ते कुठल्या तोंडानं? खाष्ट भावाशी भांडता येतं. जिवापाड करणाऱ्या भावापुढं माणूस नुसता मान हलवत राहतो, आणि हलवता हलवता राजेंद्रला एकोणपन्नासावं लागलं होतं.

म्हणून त्यानं घरी बांधायला घेतलेली गो-कार्ट म्हणजे त्याच्या आयुष्यातली एकुलती एक चोरी होती. चार लहान चाकं, जमिनीला टेकेल असा सांगाडा, मधे खुर्ची, मागं इंजिन, बस. दोन वर्षांपूर्वी त्यानं कुणालाही न विचारता चौकोनी पाईप आणले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत वेल्डिंग सुरू केलं. बायको रूपा म्हणाली, "आता धुणं कुठं वाळत घालू मी?" दहावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली श्रेया मात्र दुसऱ्याच दिवशी काळी काच डोळ्यांपुढं धरून बापाशेजारी उकिडवी बसली. मग गंमत झाली. हात बापाचा चांगला होता, पण डोकं पोरीचं चाललं. मागचा दांडा किती जाड हवा, वजन कुठं आलं पाहिजे, स्टीअरिंग किती फिरलं पाहिजे, सगळं तिनं वहीत काढलं. एकदा जोड वाकडा आला तर तिनं बापाला तो कापून पुन्हा करायला लावला. राजेंद्रला राग यायला हवा होता. त्याऐवजी तो कंपनीत चार जणांना कौतुकानं सांगत सुटला. आपण मेकॅनिकललाच जाणार हे श्रेयानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि कुणी विचारलं तर ती चिडायची, यात विचारायचं काय म्हणून.

सांगाडा उभा राहिला आणि सगळं इंजिनापाशी अडलं. तीन इंजिनं नजरेत होती. स्कूटरचं, त्याला गिअर नाहीत, चालवायला सोपं. रिक्षाचं, ते सावकाश, पण त्याला रिव्हर्स. आणि मोटारसायकलचं दीडशे सीसी, पाच गिअरचं, चेन थेट मागच्या दांड्यावर चढवता येईल असं. श्रेयाचं मत शेवटच्याला. "पप्पा, वळणातून बाहेर पडताना ताकद आपल्या हातात पायजे. आन् जुनं, कार्बोरेटरवालंच बघा. नव्या गाडीचं नुसतं इंजिन काढून आणलं तर चालत नाय, तिचं सगळं वायरिंग आणावं लागतंय." रूपाचं मत रिक्षाला, कारण निदान मागं तरी येता येईल. अण्णांना या उद्योगाचा पत्ता लागला तेव्हा त्यांनी फोनवर दोन मिनिटांत स्कूटरचं पक्कं करून टाकलं. राजेंद्र तीन महिने मुनीरभाईंच्या भंगाराच्या दुकानावर चकरा मारत राहिला. प्रत्येक इंजिनाला हात लावायचा, किक मारायचा, कान देऊन ऐकायचा आणि "पुढच्या रविवारी बघू" म्हणून परत यायचा. हे एक तरी त्याला स्वतःला निवडायचं होतं, आणि आपल्याला काय हवंय हे ओळखायची सवयच त्याला उरली नव्हती.

याच दिवसांत, जुलैत, आणखी एक निवड करायची होती. तिला मात्र पंधरा मिनिटं पुरली.

बारावी आणि सीईटीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ऑनलाईन यादी भरावी लागते, पहिला पर्याय कुठला, दुसरा कुठला, अशी. शेवटच्या दिवशी श्रेया आईबरोबर आजोळी, सिल्लोडला गेली होती. मामाच्या मुलीचं बारसं होतं. पर्याय तिनं वहीच्या पानावर लिहून बापाला दिले. "एवढंच भरा फक्त," म्हणाली. नोंदवलेला मोबाईल नंबर बापाचाच होता. राजेंद्र क्रांती चौकाजवळच्या नेट कॅफेत पोचला तर शेवटची तारीख लक्षात ठेवून अण्णा आधीच येऊन बसलेले. त्यांनी पान वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"मेकॅनिकल? पोरीच्या जातीनं कारखान्यात तेल पुसत बसायचं का? तू तरी काय दिवे लावले तिथं चोवीस वर्षं? कॉम्प्युटर टाक वर. एसीत बसंल."

"व्हय, पण ती..."

"लहान हाय ती."

कॅफेवाल्यानं कॉम्प्युटर वर टाकलं, मेकॅनिकल खाली सरकवलं. राजेंद्रच्या फोनवर ओटीपी आला. त्यानं तो वाचून दाखवला.

घरी येताना त्यानं मनाची समजूत घातली. श्रेयाला शहाऐंशी पर्सेंटाईल, आणि यादीत वर टाकलेल्या कॉलेजचं कॉम्प्युटर गेल्या वर्षी नव्वदला बंद झालेलं. म्हणजे पहिला पर्याय लागणारच नाही, दुसरा आपसूक लागेल. अण्णांचा शब्द राहील, पोरीला मेकॅनिकल मिळेल, आणि कुणाला काही कळणारही नाही. भित्र्या माणसाला असले बेत फार लवकर सुचतात. श्रेयानं परतल्यावर विचारलं, "भरलं ना नीट?" तो "हो" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्यानं बोलता बोलता सांगितलं, की पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीज होते. पुढच्या फेऱ्यांना बसता येत नाही, आवडो न आवडो. त्या दिवसापासून राजेंद्रची कोंडी झाली. सांगावं तर यादी बंद झालेली, न सांगावं तर पोरगी रोज संध्याकाळी वही घेऊन समोर. सातऐवजी सहाच बोल्ट आवळल्याचं त्याला एका पाळीत दोनदा पुढच्याच्या ओरडण्यावरून कळलं. आपण सापळ्यात सापडलोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, फक्त सापळा लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या फेरीचा निकाल शनिवारी लागणार होता. राजेंद्रची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी श्रेयाच त्याला ओढून मुनीरभाईंकडं घेऊन गेली. "आज ठरवूनच यायचं, पप्पा." रिक्षाचं इंजिन कुणीतरी नेलं होतं. उरलेली दोन मुनीरभाईंनी पोत्यावर मांडून ठेवली होती.

"आज पक्का करके जाओ, राजूभाई," ते म्हणाले. "तीन महीने में तो लोगां शादी जमा लेते."

श्रेया हसली. तिनं पाना घेतला, मोटारसायकलच्या इंजिनाचा प्लग खोलला, त्याचं टोक उजेडात धरून पाहिलं. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबला आणि बापाला किक मारायला सांगितली. आतल्या दाबानं अंगठा फटकन बाजूला उडाला. "दम हाय यात," ती म्हणाली आणि चेनच्या चक्राचे दात मोजू लागली. तिच्या गालाला काळं लागलं होतं. राजेंद्रला त्या क्षणी ती इतकी आवडली की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्याच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

"पप्पा, यादी लागली असंल!" ओढणीला हात पुसून तिनं फोन स्वतःच काढून घेतला. राजेंद्रचा हात खिशाकडं गेला आणि अर्ध्यावरून खाली आला. ती वाचत राहिली. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कॉम्प्युटर लागलंय."

"व्हय का?" तो म्हणाला. नवल वाटल्याचं सोंग त्याला जमलं नाही, आणि आपण ते करायला गेलो याची त्याला शरम वाटली.

"पहिला पर्याय म्हणून लागलंय. मी तर पहिलं मेकॅनिकल लिहिलं होतं."

"अण्णा आले होते तिथं. ते म्हणले..."

"मोठे पप्पा म्हणले. आन् तुम्ही काय म्हणले?"

राजेंद्रनं आठवून पाहिलं. तो तीन शब्द म्हणाला होता, आणि त्यानंतर नुसता ओटीपी. "पुढच्या फेरीत बदलू की," तो आता म्हणाला.

"बदलत नाय. फ्रीज झालंय. खाली लिहिलंय."

तेवढ्यात तिच्या हातातच फोन वाजला. अण्णांचं नाव बघून तिनं तो बापाकडं दिला. "लागलं ना?" अण्णांचा आवाज मुनीरभाईंनासुद्धा ऐकू जात होता. "म्हणलो नव्हतो मी? जागा वाढल्यात यंदा. पोरीचं कल्याण झालं बघ. पेढे घेऊन ये उद्या!" अण्णा खरोखरच आनंदात होते, त्यात खोट नव्हती. श्रेया बापाकडं बघत होती. तो काय म्हणतो याची ती वाट बघत होती, हे त्याला दिसत होतं.

"व्हय, अण्णा," तो म्हणाला. "आणतो."

फोन खिशात गेला. पलीकडं कुणीतरी पत्रा कापत होतं. तो आवाज थांबला. मग मुनीरभाई दोरी उचलत म्हणाले, "हौ तो बोलो, कौनसा बांधू?"

राजेंद्र चटकन श्रेयाकडं वळला. "तू सांग बेटा. तू म्हणशील तेच. अण्णाला नाय विचारत, कुणालाच नाय विचारत." आणि हे तो अगदी मनापासून बोलत होता. त्या घटकेला तिनं विमानाचं इंजिन मागितलं असतं तरी तो शोधायला निघाला असता.

श्रेयानं प्लग जागेवर बसवला, नीट आवळला. पाना मुनीरभाईंच्या हातात दिला. तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

"तुम्हाला बरं वाटंल ते करा, पप्पा."

हे वाक्य राजेंद्रनं ओळखलं. अण्णांपुढं तो आयुष्यभर हेच म्हणत आला होता, याच आवाजात, असंच खाली बघून. ते म्हणताना आत काय विझलेलं असतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अण्णांना ते एकदाही ऐकू आलं नव्हतं. त्याला आज आलं. मुनीरभाई दोरी घेऊन थांबले होते, आणि श्रेया फाटकाकडं चालू लागली होती.