क्रीम चाखणारी थोरली

माझी थोरली बेकरीत केकचं क्रीम करायची. तेवीस वर्षं. ती चाखून मान हलवेपर्यंत मालक पुढची खेप लावत नसे.

वजन एकशे अठरा किलो. काम सगळं उभ्याने आणि गुडघे उभं राहू देईनात. म्हणून पोटात पट्टा बसवून घेतला. थैलीचं तोंड दोरीने आवळावं तसा जठर आवळणारा. मग दोन घास पाव खाल्ला की पळाली बेसिनकडे! पातळ तेवढं मात्र सुळकन उतरायचं. लेक उपाशी राहते म्हणून मीच आइस्क्रीम वितळवून वाट्या भरभरून पाजलं. अक्कल गहाण ठेवली होती मी. तीन वर्षांत काटा होता तिथे आला, वर पट्टाही सरकला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्टा काढू, जठर लहान करून आतड्याला जोडू. पण दुसऱ्या खेपेला धोका जास्त, आणि वजन पहिल्या खेपेइतकं उतरेलच असं नाही. गोडाचा त्रासही होऊ शकतो."

"सोडेल हो ती गोड," मी म्हटलं.

"आई, गप्प बस. तू द्यायचं सोडशील का?"

ऑपरेशननंतर दीड वर्षात तीस किलो उतरले. गुडघे निवले, दोन जिने न थांबता चढू लागली. पण बेकरीत सकाळपासून दहा-बारा खेपा चाखायच्या. तिसऱ्या-चौथ्या चमच्यालाच दरदरून घाम, छातीत धडधड, आणि ही मैद्याच्या पोत्यावर आडवी. आठवड्यात तीनदा झालं. चाखून थुंकून पाहिलं, तर मालक म्हणाला, "गिऱ्हाईक काचेतून बघतंय, ताई."

मग म्हणाला, "आता उभं राहता येतं ना? दाराशी खोकी भरा."

नातेवाईक म्हणतात, "काय गं बारीक झालीस! पुन्हा वेळ आली तर करशील का?"

"गुडघ्यांना विचारा. ते हो म्हणतील."

परवा क्रीम बिघडल्याची तक्रार आली. नव्या मुलीला काही कळेना. मालक वाटी घेऊन दाराशी आला. "ताई, नुसतं हुंगून तरी सांगा."

"खोकी भरायची राहिलीत," ही म्हणाली.

सगळी भरून झाली होती. घरी येऊन तिनेच सांगितलं मला.