विषय : बाबांच्या मेलबाबत

बाबांनी मला बिनविषयाचा मेल एकदाही पाठवला नाही. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली, त्यामुळे विषयाच्या जागी ‘बाबत’ आल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही अशी त्यांची ठाम समजूत. ‘गॅसची नळी बदलण्याबाबत.’ ‘तुझ्या खोकल्याबाबत.’ ‘चाळीच्या मीटिंगमध्ये झालेल्या धक्काबुक्कीबाबत.’ खाली ‘महोदया’ लिहीत नसत, एवढीच काय ती मुलगी म्हणून सवलत.

हे मेल सुरू झाले ते त्यांच्या घशाच्या ऑपरेशननंतर. परळच्या हॉस्पिटलातून ते गिरगावच्या खोलीत परत आले ते आवाज तिथेच ठेवून. फोन संपला. मोबाइलवर मेसेज करा म्हटलं, तर एका बोटानं टकटक करणं त्यांना कमीपणाचं वाटे. मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस तो. मग खिडकीशी जुना कॉम्प्युटर मांडला आणि दहाही बोटांनी गप्पा सुरू झाल्या. आईसाठी पाटी होती. पाटीवर ‘चहा’, ‘पंखा’, ‘औषध झालं’, एवढंच. सविस्तर, तिखटमीठ लावलेलं सगळं मला, आणि तेही मी शिकवते त्या कॉलेजच्या मेल पत्त्यावर. घरच्या मेलवर लिहा म्हणून मी कितीदा सांगितलं. त्यावर पाटीवर उत्तर आलं, ‘घरचा पत्ता बदलतो. कचेरीचा बदलत नाही.’

आई स्वयंपाक करता करता ती टकटक ऐकायची. “एवढं काय लिहिता हो पोरीला?” असं तिनं विचारलं की ते हसायचे आणि तिच्याकडे बोट दाखवायचे. म्हणजे तुझ्याबद्दलच. तिच्या डोळ्यांचं काही खरं नाही, पडद्यावरचं तिला वाचता येत नाही. नंतर निवांत वाचून दाखवीन, असं मी म्हणत राहिले. मग बाबा गेले. वाचू का, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, “आत्ता नको गं. सहन नाही व्हायचं. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बस माझ्याजवळ आणि सगळे वाच. एकही गाळायचा नाही.”

वर्ष पुरं व्हायच्या आत कॉलेजचं व्यवस्थापन बदललं. सूचना आली : सगळ्यांना नवे पत्ते मिळतील, सत्र संपताना जुनी खाती बंद होतील, खाजगी मजकुराची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही. कचेरीचा पत्ता बदलला, बाबा.

त्यांच्या स्वतःच्या खात्यात पाठवलेल्या मेलच्या प्रती असणारच, हे मला सुचलं नाही असं नाही. पण लॉगआउट केल्याशिवाय ते कॉम्प्युटरपुढून उठत नसत, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. नवा मागितला की कोड जायचा बाबांच्या मोबाइलवर, आणि ते सिम आम्ही शहाण्यासारखं बंद करून टाकलेलं. मी त्या नंबरवर फोन लावला. उचलला तो रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीतल्या माणसानं. वडील, आवाज, मेल, सगळं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“आता तुमच्या फोनवर एक कोड येईल. तेवढा मला सांगा,” मी म्हटलं.

“ताई, स्टोरी एकदम चांगली बनवली तुम्ही,” तो म्हणाला. “मागे एकीचा नवरा वारला होता. तिला सांगितला कोड. अकाउंट साफ.” आणि फोन ठेवला. त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

बाहेरच्या पत्त्यावर मेल पुढे धाडणं कॉलेजनं केव्हाच बंद केलं होतं. एकेक मेल उघडून त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवायला बसले, पण पेपर तपासणीचे दिवस, आणि एक मेल उघडला की मी वाचतच बसायची. गॅसच्या नळीचा, रेशनच्या दुकानाचा आणि उशिरा येणाऱ्या पाण्याचा, एवढे तीन उतरवून झाले. स्टाफरूममधली मैत्रीण म्हणाली, “येडी आहेस का तू? लॅपटॉपवर एक ईमेल क्लायंट टाक ना. सगळे मेल ओढून आणतो तो.”

टाकला. फुकटातला, पण चांगला नावाजलेला. पत्ता घातला, पासवर्ड घातला, कॉलेजचं चिन्ह असलेलं पान उघडलं आणि त्यावर मजकूर आला : या ॲपला तुमच्या संस्थेच्या ॲडमिनची मंजुरी हवी. आमचे ॲडमिन तळमजल्यावरच्या थंडगार केबिनमध्ये बसत.

“मॅडम, थर्ड पार्टी ॲप आहे ते. अलाऊड नाहीये.”

थर्ड पार्टी हा शब्द मी आजवर फक्त स्कूटरच्या विम्यात ऐकलेला. “अहो, वडिलांनी मला लिहिलेले मेल आहेत,” मी म्हटलं. “पहिली पार्टी ते, दुसरी मी. तिसरे तुम्ही आहात.”

हे बोलायला नको होतं. त्यांनी लेखी अर्ज मागितला, प्राचार्यांच्या सहीनिशी. मी लिहिला. ‘विषय : ईमेल क्लायंट वापरण्यास मंजुरी मिळण्याबाबत.’ अर्ज परत आला, कारण वरच्या कोपऱ्यात विभागाचं नाव नव्हतं. मग प्राचार्य रजेवर गेले. मी रोज मधल्या सुट्टीत केबिनबाहेर जाऊन उभी राहायला लागले, आणि बहुधा त्यालाच कंटाळून साहेबांनी शेवटी मंजुरीचं बटण दाबलं. “खातं तर बंदच होणारे, कशाला हा उपद्व्याप,” असंही वर ऐकवलं.

घरी येऊन पुन्हा बसले. पासवर्ड, फोनवरचा कोड, मग ‘हो’, मग परत ‘हो’. मग सेटिंगचं एक पान आलं. त्यावर बऱ्याच चौकटी, काहींत आधीच खूण केलेली, काही रिकाम्या. एका रिकाम्या चौकटीपुढे, मेल या संगणकावरही ठेवायचे का, अशा अर्थाचं काहीतरी होतं. इथे बाबा आडवे आले. शाळेपासूनचा माझा प्रत्येक फॉर्म त्यांनी शेजारी बसून भरून घेतलेला. छापून आलंय ते तसंच राहू द्यायचं, विचारलंय तेवढंच लिहायचं, आपल्या मनानं जादा खूण करायची नाही, फॉर्म बाद होतो. मी चौकट रिकामी ठेवली आणि पुढे गेले.

आणि मेल आले. एकाखाली एक, ‘बाबत’, ‘बाबत’, ‘बाबत’, पार पहिल्यापर्यंत. मी अक्षरशः हुंदके देऊन रडले. कुठल्याही विषयावर बोट ठेवलं की मेल उघडत होता. नेट बंद करून एकदा बघावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढे ठरल्याप्रमाणे कॉलेजचं खातं बंद झालं. क्लायंट दर वेळी पासवर्ड मागायला लागला आणि मी दर वेळी रद्द करायला लागले. माझं काय अडत होतं? मेल तर घरी आले होते.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मी गिरगावला गेले. आई धुतलेलं पातळ नेसून खाली सतरंजीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय लांब करून, कीर्तनाला बसावं तशी.

“पहिल्यापासून,” ती म्हणाली.

मी पहिल्या मेलवर बोट ठेवलं. पांढरं पान. वर विषय, तारीख, खाली एकच ओळ : हा मेल या संगणकावर उतरवलेला नाही. दुसरा उघडला. मधलाच एक उघडला. शेवटचा उघडला. विषय सगळे जागच्या जागी होते आणि आत काही नव्हतं.

“काय गं? लागत नाही का ते?”

“लागलंय,” मी म्हटलं. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. “विषय, आईच्या गुडघ्यांबाबत.”

“बघ, सुरुवात माझ्यापासूनच! पुढे?”

तो मेल मी वाचला होता. बाबांनी त्यात जिन्याचं काहीतरी लिहिलं होतं, गमतीचं, आणि मला त्यातलं एक वाक्य आठवेना. “आईचे गुडघे हल्ली फार दुखतात,” मी पडद्याकडे बघत म्हणाले. “जिना चढताना ती मध्येच थांबते, पण कबूल करत नाही. मला तिची काळजी वाटते.”

आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

“हे ह्यांचं नाही.”

“अगं आई...”

“काळजी वाटते असं ह्यांनी जन्मात लिहिलं नसतं. हे तू बोलतेयस.”

मग मी सगळं सांगितलं. रिकाम्या चौकटीचं, फॉर्मचं, सगळा मजकूर पोटात घेऊन बंद झालेल्या कॉलेजच्या खात्याचं. रागारागानं सांगितलं, आणि तो राग कोणावरचा होता ते मला आजही सांगता येणार नाही. परत आणायचा काहीच मार्ग नाही का, असं तिनं एकदाच विचारलं. नाही, मी म्हटलं, गॅसची नळी, रेशन आणि पाणी, एवढे तीन तेवढे उतरवलेले आहेत.

“म्हणजे बाकीच्यांचे नुसते विषय राहिले.”

“हो.”

खिडकीशी बाबांचा कॉम्प्युटर कापड घालून झाकलेला होता, ती तिकडे बघत राहिली.

“ऑपरेशन करून आले ना,” मग ती म्हणाली, “तेव्हा पहिले काही दिवस विसरायचे. तसेच बोलायला लागायचे. ओठ हलायचे, हात हलायचे. कशाबद्दल चाललंय ते मला कळायचं. काय म्हणतायत ते नाही कळायचं. मी आपली हो हो करायचे.”

मी लॅपटॉप मिटायला गेले. तिनं माझं मनगट धरलं.

“वाच. एकही गाळायचा नाही म्हटलं होतं ना?”

मी वाचायला लागले. जिन्यातल्या दिव्याबाबत. तुझ्या खोकल्याबाबत. खालच्या दुकानदाराच्या उद्धटपणाबाबत. प्रत्येक विषयानंतर मी थांबत होते, आणि आई भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणत होती, “हो.”