भिवापूरच्या बाईंचा फोन

हुडकेश्वरच्या त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आधी काकूंच्या पाठीमागे डोकावायचं. "मेकॅनिक कुठं गेला?" काकू चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "तुमच्यासंगच बोलून राहिली मेकॅनिक. फोन द्या."

बिघडलेला फोन संगणकाला जोडला की पडद्यावरची एकेक इंग्रजी ओळ त्या मोठ्याने वाचत आणि लगेच मराठीत सांगत. मला ती त्यांची खोड वाटे. माझी शाळा आठवीतच सुटलेली. बायकोलेकरांना सिरोंच्याला ठेवून तिशीत मी हे काम शिकायला आलो होतो. इंग्रजी वाचता येत नाही हे कळलं तर परत पाठवतील, या धास्तीने मी नुसती मान हलवायचो.

एकदा भिवापूरच्या एक बाई आल्या. फोन कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसलेला. नवरा धंतोलीतल्या दवाखान्यात भरती. तंबाखूच्या खर्ऱ्यापायी घसा गेला, ऑपरेशनमध्ये आवाजही गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नवऱ्याने नातीला मारलेली हाक तेवढी त्या फोनमध्ये टिपलेली होती. "भेटीची वेळ होऊन राहिली जी, लवकर पाहा," बाई म्हणाल्या. काकूंनी केबल जोडली आणि डबा घ्यायला रस्त्यापलीकडे गेल्या. "मी येतपर्यंत हात नको लावू गा."

पडद्यावर दोन बटणं आली. एकाने फोन नीट होऊन आतलं सगळं राहतं, दुसऱ्याने सगळं पुसून फोन कोरा होतो. हे आज माहीत आहे. बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. मी दुसरं दाबलं. संगणकाने पुन्हा काहीतरी विचारलं, तेही दाबलं. फोन सुरू झाला.

"घ्या, झाला!" मी ऐटीत म्हणालो.

बाईंनी खूप शोधलं. मग हळूच विचारलं, "त्यांची हाक पण नाही?"

काकू तेवढ्यात परतल्या. पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "माझ्याच हातून झालं, बाई. मीच चुकीचं लावून गेली होती."

बाई फोन पिशवीत टाकून दवाखान्याकडे निघाल्या. काकू म्हणाल्या, "वाचता येत नाही त सांगाचं ना गा. मले काहून लाजतं?"

"वाचता येते, काकू. घाईत दाबलं."

"बरं."

दुसऱ्या दिवसापासून त्या आणखी सावकाश वाचू लागल्या. कोणासाठी, ते मला तेव्हा कळलं. तरी बोललो नाही.

पुढे त्यांनीच शब्द टाकून मला पुण्यात काम मिळवून दिलं; त्यावर माझं घर उभं आहे. यंदा त्या गेल्या. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने चहा ठेवला आणि म्हणाली, "आईच्या मनातून एक गोष्ट शेवटपर्यंत नाही गेली, भाऊ. कोण्या माणसाचा आवाज तिच्या हातून पुसला गेला म्हणे."

"होते तसं कधी कधी," मी म्हणालो.